निरगुडी, बर्फ आणि गावची लेक

औषधानं दुखणं कमी होतं की नाही हे धडधाकट माणसावर पाहायचं असेल, तर आधी त्या माणसाला दुखवावं लागतं. आमच्या शास्त्रात त्याची एक साधी, स्वस्त आणि धोका नसलेली रीत आहे. बर्फाच्या पाण्यात हात घालायचा. दुखायला लागलं की ‘आता’ म्हणायचं आणि सहन होईना की हात काढायचा. घड्याळ लावून दोन्ही वेळा टिपायच्या. औषध घेऊन एकदा आणि औषधासारखीच दिसणारी, पण आत नुसतं मक्याचं पीठ असलेली कॅप्सूल घेऊन एकदा. मी धुळ्यात, देवपूरच्या एका फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवते. ही रीत मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवली होती. प्रत्यक्ष करायची वेळ आली ती एका विद्यार्थिनीमुळे.

ती मुलगी शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातली. एम.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला होती. प्रबंधासाठी तिनं निरगुडी निवडली. मी कारण विचारलं, तर म्हणाली, “मॅडम, आमच्याकडे बांधाबांधाला आहे. पाठ धरली, गुडघा धरला, की बाया पाला उकळतात. सगळे म्हणतात गुण येतो. कोणी मोजलं नाही.”

हे मला आवडलं. निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून मीही गुडघ्याला बांधते. सोबत एक गोळीही घेते. त्यामुळे गुण कशाचा हे मला आजवर कळलेलं नाही.

ती हुशार होती, पण तिच्याकडे वेळ कमी होता. जळगावच्या एका कॉलेजनं तिला शिकवण्याची जागा देऊ केली होती. अट एकच, जूनमध्ये पदवी हातात हवी. नाहीतर ती जागा दुसऱ्याला. तिच्या घराण्यात कॉलेजात शिकवायला जाणारी ती पहिलीच. घरचे बोलत काही नव्हते, पण तिच्या वडिलांनी जळगावात खोलीचं भाडं काय पडतं याची चौकशी करून ठेवलेली होती. त्यामुळे आमच्या कामात घोटाळा झाला तर नुसता प्रबंध लांबणार नव्हता, ती जागाही जाणार होती. हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

माणसांवर चाचणी करायची तर आधी एथिक्स कमिटी बसते. कमिटीनं दोन अटी घातल्या आणि दोन्ही रास्त होत्या. आपल्या कॉलेजची मुलं घ्यायची नाहीत, कारण मास्तरांना नाही म्हणायची त्यांची हिंमत नसते. आणि मुलीचे नातेवाईक घ्यायचे नाहीत. फॉर्मवर रकानाच होता : संशोधक विद्यार्थिनीशी नातं काय?

मुलीनं गावच्या ग्रामपंचायतीबाहेर कागद लावला. ठणठणीत प्रकृतीची, पंचावन्नच्या आतली माणसं हवीत, असा. आठवड्याभरात हवी होती त्याहून जास्त माणसं आली. मी प्रत्येकाला बसवून समजावलं, कमिटीच्या डॉक्टरबाईंनी तपासलं. नात्याचा रकाना सगळ्यांनी एकाच शब्दानं भरला होता : नाही. मी मुलीला खोदून विचारलं. ती म्हणाली, “खरंच नाही, मॅडम. आमच्या भावकीचं गावात आमचं एकटंच घर आहे.” मी समाधानानं सही केली.

तयारीचा भाग मला फार आवडला, कारण त्यात बाजारहाट होता. पाणी स्थिर राहिलं तर हाताभोवती ते जरा कोमट होतं, म्हणून ते सतत हलतं ठेवावं लागतं. परदेशातून येणारं यंत्र आमच्या प्राचार्यांनी स्वप्नातही घेतलं नसतं. आम्ही माशांच्या टाकीतला पंप आणला. दुकानदारानं विचारलं, “कोणते मासे पाळताय, मॅडम?” मी म्हटलं, “माणसं.” बर्फाची लादी रोज सकाळी रसवंतीवाल्याच्या गाडीतून यायची. लादी फोडायला कॉलेजचा शिपाई होता. तो ती इतक्या त्वेषानं फोडायचा की मला त्याच्या घरची काळजी वाटायची.

गावकरी टप्प्याटप्प्यानं, एका टेम्पोतून यायचे. कॅप्सूल घेतल्यावर तासदीड तास बसून राहायचं असे. त्या वेळात आमची प्रयोगशाळा म्हणजे लग्नघर व्हायची. बाया मुलीची वेणी नीट करून द्यायच्या. कोणी म्हणायची, बारीक झाली. कोणी पिशवीतून भरताचा डबा काढायची. खाऊन आलं तर मोजमाप बिघडतं हे मी परोपरीनं सांगितलं होतं. तेव्हा डबे टेबलाखाली ठेवले जायचे आणि अख्ख्या प्रयोगशाळेला भाजलेल्या वांग्याचा आणि लसणाचा वास यायचा. चाचणी संपली की मला वाढल्याशिवाय कोणी घास घ्यायचं नाही. मी जेवत असे. चांगलं भरीत नाकारण्याइतकी मी कडक नाही.

त्यांच्यात दोघं पुढारी होती. एक पन्नाशीच्या आतबाहेरच्या अक्का, अंगानं काटक, शेतावर मजुरांची टोळी चालवणाऱ्या. दुसरे नाना, जाड मिशांचे, एके काळी तालमीत गेलेले आणि ते कोणाला विसरू न देणारे.

माझं माहेर रावेरकडचं. आमची बोली वेगळी, त्यांची अहिराणी वेगळी. धुळ्यात इतकी वर्षं काढून मला ती कळते सगळी, पण मी बोलायला लागले की अक्का पदर तोंडाला लावायच्या. एकदा मी विचारलं, “अक्का, काय चुकलं?” तर म्हणाल्या, “चुकनं काही नही. तुम्ही मराठीच बोला, ताई. आमले समजस.”

हात बुडवून घेण्याचं काम मुलगी करायची. हातात घड्याळ, समोर वही, शेजारी डॉक्टरबाई रक्तदाब पाहायला. धोका नको म्हणून आम्ही वरची मर्यादा तीन मिनिटांची ठेवली होती. तीन मिनिटं झाली की आम्हीच हात काढायला लावणार, हे सगळ्यांना सांगितलेलं होतं. बहुतेक माणसं त्याच्या पुष्कळ आधी काढतात. मी तासांमुळे येऊन-जाऊन असे.

सगळ्यांची पहिली फेरी झाली, मग मधली सुटी देऊन दुसरी सुरू झाली. एके दिवशी वहीतले आकडे पहिल्यांदाच एकत्र मांडून मुलगी धावत माझ्या केबिनमध्ये आली. चेहरा फुललेला.

“मॅडम, गुण येतोय! लोक पूर्ण तीन मिनिटं धरताहेत!”

“किती लोक?”

“सगळेच.”

“पहिल्या फेरीत की दुसऱ्या?”

ती थांबली. “दोन्ही.”

मी पेन खाली ठेवलं. कोणाला कोणत्या फेरीत निरगुडी मिळाली हे आम्हाला ठाऊक नव्हतं. तो हिशेब बंद पाकिटात दुसऱ्याकडे होता. पण एका फेरीत प्रत्येकाच्या पोटात नुसतं पीठ गेलेलं होतं हे नक्की. पीठ खाऊन कोणी तीन मिनिटं बर्फात हात धरत नाही. एखादा धरेल. अख्खं गाव धरत नाही.

मी तिच्यामागोमाग प्रयोगशाळेत गेले. नानांची पाळी होती. मनगटापर्यंत हात पाण्यात, पंप गुरगुरतोय, समोर मुलगी घड्याळ धरून उभी. नाना तिच्याकडे पाहून हसत होते. ते हसू चेहऱ्यावर खिळ्यांनी ठोकल्यासारखं होतं. मिशीवर घाम, डोळ्यांत पाणी, आणि दुसऱ्या हातानं त्यांनी खुर्चीचा दांडा असा आवळला होता की तो मोडेल असं वाटावं.

“नाना, दुखतंय का?” मी विचारलं.

“नही!” ते इतक्या जोरात म्हणाले की बर्फ फोडणारा शिपाई आत डोकावला.

“अजिबात नाही?”

“गुदगुल्या व्हतीस थोड्या.”

मी त्यांना हात काढायला लावला. ते नाराज झाले. घड्याळाकडे पाहून मुलीला म्हणाले, “थोडंसंच राहेल व्हतं व, बेटा. ते पुरं धरी ले.” आणि मग, तो हात जणू दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा, त्यांनी तो काखेत घालून ठेवला.

त्या दिवशीची चाचणी मी थांबवली. मुलीला काही विचारण्यात अर्थ नव्हता, तिला काहीच माहीत नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी गाडी काढली आणि तिला न सांगता तिच्या गावाला गेले.

अक्का ओट्यावर तूर पाखडत होत्या. मला पाहून त्यांना काही नवल वाटलं नाही. चहा आला. नाना कुठून तरी हजर झाले, हात अजून काखेत. मी चहा संपवला आणि सरळ विचारलं, “अक्का, खरं सांगा. बर्फात हात दुखत नव्हता का?”

“दुखस ना वो ताई. बरफ शे तो, दही नही.”

“मग काढला का नाही?”

अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी परीक्षेत निबंधाऐवजी गणित सोडवून दिलं असावं. “आणि पोरना मार्क?”

“कोणते मार्क?”

आता नानांना राहवेना. “तुम्हीच तं सांगं, मॅडम. तीन मिनिटं. मंजे तीनपैकी तीन. जो लवकर हात काढी तो पोरना मार्क कापी. मी बठ्ठासले बसाडीसन सांगं, कोनी काढाना नही. आपली पोर शे.”

मी कपाळाला हात लावला. गावात बैठक झाली होती. ज्यांच्या हाताला लवकर कळ लागते अशा दोघांना आदल्या दिवशी घरी बादलीत सराव करायला लावला होता. एका बाईनं तर देवाचं नाव घेत तीन मिनिटं काढली होती. कोणालाही निरगुडीची काही पडलेली नव्हती. निरगुडी त्यांच्या बांधावर आहे, ती पास झाली काय आणि नापास झाली काय.

“पण फॉर्मवर तुम्ही सगळ्यांनी लिहिलंत, नातं नाही म्हणून,” मी म्हटलं.

“नही शे, तेच लिखं,” अक्का म्हणाल्या. “सोयरीक शे का आमनी? भाऊबंदकी शे? गावनी पोर शे ती. गावनी पोर काय नातं ऱ्हास का?”

कमिटीनं रक्ताचा विचार केला होता, सोयरिकीचा केला होता. गावची लेक ही सगळ्यांची लेक असते, तिच्या लग्नात पंगतीला अख्खं गाव वाढतं, हे कमिटीलाही माहीत होतं आणि मलाही, कारण आम्ही सगळे कुठल्या ना कुठल्या गावचेच. पण फॉर्म भरताना आम्ही पुस्तकातलं वाचतो. पुस्तकात गाव नसतं.

मी त्यांना समजावलं. मार्क हात धरून ठेवण्याचे नाहीत, खरं सांगण्याचे आहेत. सगळ्यांनी सारखंच केलं तर औषधाचं काहीच कळत नाही. आता हे सगळं टाकून द्यावं लागणार. नानांनी काखेतला हात बाहेर काढला. मिशी खाली आली. मग अक्कांनी विचारलं, तेही अगदी हळू, “पोरनं वरीस वाया जाई का, ताई?”

“माहीत नाही,” मी म्हटलं. तेच खरं होतं.

त्यावर नानांनी लगेच उपाय सुचवला. नदीपलीकडच्या गावाशी त्यांचं जत्रेतल्या कुस्त्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या वाकडं होतं. “त्यासले बलावा. त्या आमनी पोरसाठी काहीच करनार नहीत. खरं सांगतीन.”

“आणि तुम्ही तीन मिनिटं धरली हे त्यांना कळलं तर?”

नानांनी विचार केला. “तं मंग त्या चार धरतीन,” ते खिन्नपणे म्हणाले.

सोमवारी मी मुलीला सांगितलं. ती रडली. मी पाणी दिलं आणि रडणं संपेपर्यंत उत्तरपत्रिका तपासल्या. मग म्हटलं, “झालं? आता कमिटीला पत्र लिही. जे झालं ते सगळं लिही, लपवू नको.”

“मॅडम, माझ्यामुळे त्यांचे हात…”

“त्यांचे हात ठीक आहेत. आपलं काम ठीक नाही. लिही.”

ती लिहीत असताना मला तिचा राग येत नव्हता आणि त्यांचाही नाही. मी औषधं शिकवते. एखाद्या गोळीनं माणसाला बर्फात इतका वेळ तग धरायला लावलं असतं, तर कंपन्यांनी आमच्या दारात रांग लावली असती. ही मुलगी समोर घड्याळ घेऊन उभी राहिली की लोकांना ते जमत होतं. मोजायला नको होतं ते आम्ही मोजलं होतं, आणि ते भरपूर भरलं होतं.

कमिटीचे अध्यक्ष वयस्क डॉक्टर होते. पत्र वाचून ते आधी हसले, मग चष्मा पुसला, मग म्हणाले की हसल्याबद्दल माफ करा. नव्यानं परवानगी मिळाली, पण अटी वाढल्या. माणसं शहरातली, मुलीला न ओळखणारी हवीत. हात बुडवण्याचा एक सराव आधी सगळ्यांना द्यायचा. आणि तिसरी अट मी स्वतः लिहून दिली : चाचणीच्या वेळी मुलगी खोलीत नसेल.

ही अट तिला सर्वात कडू लागली. “मॅडम, प्रबंध माझा आहे.”

“म्हणूनच.”

आम्ही देवपुरातली माणसं गोळा केली. बँकेतले, शाळेतले, एसटीच्या वर्कशॉपमधले, सकाळी फिरायला जाणारे. विहारात अभ्यासवर्ग चालवणाऱ्या दोन नर्सबाई आल्या. त्यांनी फॉर्ममधल्या दोन चुका काढल्या आणि मगच सही केली. सरावाच्या दिवशी सगळ्यांसमोर पहिला हात मी घातला. मला वाटलं होतं बऱ्यापैकी टिकेन. अर्ध्या मिनिटात मी “आई गं!” म्हणून हात बाहेर काढला आणि साडीला पुसला. कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. त्यानंतर कोणाला लवकर हात काढायची लाज वाटली नाही. वर्कशॉपमधला एक मेकॅनिक तर माझ्याहूनही लवकर ओरडला. नर्सबाई त्याला म्हणाल्या, “भाऊ, एवढे मोठे नटबोल्ट आवळता आणि पाण्याला भिता?” तो म्हणाला, “नटबोल्ट गार नसतात, बाई.”

मुलगी त्या दिवसांत शेजारच्या सामानाच्या खोलीत बसे. कॅप्सूलच्या बाटल्या मोजून द्यायची, बाकी दाराला कान. मी घड्याळ धरायची. कोणी ओरडलं की भिंतीपलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज येई. एकदा दार किलकिलं झालं. मी न बघता पायानं ते लावून घेतलं.

गावातून रोज फोन येई. “कितला राहिनात?” अक्का विचारायच्या. मी म्हणे, “होतंय.” टेम्पो येत नव्हता, पण एसटीच्या ड्रायव्हरकडून भरताचा डबा येई. चाचणीच्या खोलीत तो आणायचा नाही अशी मी सक्त ताकीद दिली होती, म्हणून तो माझ्या केबिनमध्ये ठेवला जाई. बँकेच्या लोकांना कसलाच वास लागला नाही.

शेवटी पाकीट फुटलं. निरगुडीच्या फेरीत लोकांना दुखायला जरासं उशिरा लागलं होतं. सहन करण्याच्या वेळेत मात्र काही फरक नव्हता. जरासं म्हणजे इतकं जरासं की ते निरगुडीमुळे की योगायोगानं, हे आकडे तपासणाऱ्या संख्याशास्त्राच्या सरांनाही सांगता येईना. मुलीनं प्रबंधाची वही पुढ्यात ओढली.

“मग काय लिहू, मॅडम?”

“सांगता येत नाही, हेच लिही.”

“पण मग नापास…”

“निरगुडी परीक्षेला बसली नव्हती. तू बसलीस.”

गावकऱ्यांवरच्या पहिल्या चाचणीचं पूर्ण प्रकरण तिनं प्रबंधात घातलं, का टाकून दिली त्यासकट. मी तिला गावाचं नाव काढायला लावलं, बाकी एक शब्द बदलला नाही. तोंडी परीक्षेला जळगावहून बाहेरचे परीक्षक आले. निरगुडीवर त्यांनी दोनतीन प्रश्न विचारले आणि मग प्रबंध मिटून सगळा वेळ त्या प्रकरणावर घालवला.

“समजा,” ते म्हणाले, “तुम्हाला आधीच माहीत असतं की ही माणसं तुमच्यासाठी हात काढणार नाहीत. तर काय केलं असतं?”

मला वाटलं ती पुस्तकातलं उत्तर देईल. ती म्हणाली, “घेतलंच नसतं त्यांना, सर. आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही.”

परीक्षकांनी पेन उचललं.

गावकऱ्यांना येऊ नका म्हणून बजावलं होतं. टेम्पो फाटकाबाहेर उभा होताच. परीक्षक गाडीकडे निघाले तसे नाना त्यांना आडवे झाले. “साहेब, मार्क कमी पडत व्हतीन तं सांगा. आखो एकदा हात टाकू.” परीक्षक अहिराणी जाणत असावेत, कारण त्यांनी दुभाषा मागितला नाही. “नको, नाना,” ते म्हणाले. “पास आहे.” अक्कांनी मुलीला जवळ घेतलं नाही की काही नाही. तिच्या दंडाला चिमटा काढला आणि म्हणाल्या, “कितली बारीक व्हई गयी व.”

जूनमध्ये ती जळगावला रुजू झाली. महिन्याभरानं फोन आला. काम चांगलं आहे, पोरं ऐकतात, नवी चाचणी लावायचा विचार आहे. मी म्हटलं, माणसं कुठली घेशील? ती म्हणाली, “इथे सोपं आहे, मॅडम. मला इथे कोणीच ओळखत नाही.” मग म्हणाली, “संध्याकाळी खोलीवर आलं की जेवलीस का म्हणून पण कोणी विचारत नाही.”

मी म्हटलं, “रविवारी रावेरची गाडी पकड. माझ्या माहेरी जा.” आणि लगेच वहिनीला फोन लावला. वहिनी केळीच्या वखारीचा हिशेब करत होती, घाईत होती. “कोण लागते ती तुझी?” तिनं विचारलं.

“लागत काही नाही,” मी म्हटलं. “दर रविवारी येईल. जेवायला घाल, आणि निघताना डबा दे.”